एका बाज्यात चार वाजंत्री

गार्डसाहेबाचा बाजा आमच्या घरी आला तेव्हा माझ्या सासूने तो कांद्याच्या वेण्यांशेजारच्या खुंटीवर टांगला आणि विचारलं, "याले खायले-प्यायले लागत नाई नं? मंग राहू दे." त्याचं खरं नाव गिटार, हे नवऱ्याने सांगितलं होतं. पण ते नाव घरात कोणी घेतलं नाही. सगळे बाजाच म्हणायचे.

आमचा मळा धनजजवळ. वांगी, मेथी, काकड्या टोपल्यांत भरून माझा नवरा छोट्या गाडीने मूर्तिजापूरच्या बाजारात न्यायचा. त्या गाडीवर एक अर्धा गोरा गार्ड होता. त्याला आमची वांगी आवडायची आणि नवऱ्याला त्याचा बाजा. गाडी इंजिनाच्या पाण्यासाठी थांबली की साहेब डब्याच्या पायरीवर बसून वाजवायचा आणि नवरा टोपलीवर बसून त्याची बोटं बघायचा. दुसरी लढाई सुरू व्हायच्या जरा आधी साहेबाची बदली झाली. बाज्याच्या पोटाला तडा गेला होता, म्हणून साहेब तो आमच्या टोपलीत ठेवून निघून गेला. नवऱ्याने तडा लाखेने बुजवला. तीन बारीक तारा तुटल्या होत्या, त्या जागी कारंज्याहून सतारीच्या तारा आणून बसवल्या. जाड तीन तारा साहेबाने ठेवल्या तशाच होत्या.

माझा नवरा फार मोठा वाजवणारा होता असं मी म्हणणार नाही. बोटं चांगली होती, धीर कमी. भजनाची चाल अर्धी वाजवायचा आणि सोडून द्यायचा.

आता लग्नाची गोष्ट. माझ्या नणंदेची एक सोयरीक आधी मोडली होती. कारण काहीच नव्हतं, मुलाकडच्यांनी दुसरीकडे जमवलं, एवढंच. पण मोडलेल्या सोयरिकीचं खापर मुलीवरच फुटतं. दुसरी सोयरीक मंगरूळपीरकडची जमली. मुलगा बरा, घर बरं, फक्त नवरदेवाची आत्या कडक. तिने सुपारी फोडतानाच सांगितलं होतं, "मारुतीपाशी वाजंत्री घ्यायले आले तर गावात पाय टाकू. नाई तर तिथूनच माघारी. आमच्या घरची रीत हाय." ही सोयरीकही परत गेली असती तर नणंदेला तिसरी आलीच नसती. हे घरात सगळ्यांना कळत होतं.

हळदीला आठवडाही उरला नव्हता आणि आमच्या गावच्या सनईवाल्याचा बाप वारला. सुतक लागलं. सुतकात तो सनईला हात लावणार नाही, त्याचा सूरवाला भाऊ सुराच्या सनईला लावणार नाही, डफडंवाला चुलतभाऊ, झांजवाला, सगळं एकच घर. दुसऱ्या गावचे वाजंत्री आणावेत तर वैशाखातली लग्नसराई, सगळे आधीच गुंतलेले. आणि मोकळे असते तरी आले नसते. गावचा हक्क ज्याचा त्याचा, दुसऱ्याच्या गावात वाजवणं म्हणजे चोरी. ही माणसं गावाबाहेर राहायची. आमच्या ओसरीवर त्यांना कधी कोणी बसवलं नाही, आणि त्यांच्याशिवाय आमच्या घरचं एकही लग्न लागलं नाही. यात काही वावगं आहे हे तेव्हा कोणाला दिसत नव्हतं. मलाही नाही.

मामंजी डोकं धरून बसले. तेव्हा नणंदच म्हणाली, "दादाचा बाजा वाजवा नं."

सासू हसली. "चार माणसाचं काम तो कांद्याजवळचा भोपया करन काय?"

"चार माणसं नाई तर एक तरी वाजू दे," नणंद म्हणाली. तिच्या आवाजात हसू नव्हतं. मामंजी उठले आणि सनईवाल्याकडे गेले. हक्क त्याचा, तेव्हा परवानगी त्याचीच घ्यायला हवी होती.

तो म्हणाला, "वाजवा. पण मानपान माह्या घरी आला पायजे. आन् मी आयकीन. गावात माह्या नावानं वाजन, वंगाळ वाजलं तर नाव माहंच जाईन." मोठा गर्विष्ठ माणूस होता, बाप गेल्यावरही गर्व कमी झाला नव्हता. तो रोज सकाळी आमच्या मळ्याच्या बांधापलीकडे चिंचेखाली येऊन बसायचा. सुतकामुळे इकडे यायचा नाही. तिकडूनच ओरडायचा.

आता मला यात काय पडलं होतं? लग्नात बायकांना घड्याळ नसायचं, वाजंत्री असायचे. मागच्या अंगणात चुलीपाशी असलं की मांडवातलं काही दिसत नाही. पण हळदीची चाल लागली की हळदीचं ताट उचलायचं, न्हाण्याची लागली की पाणी काढायचं, पाठवणीची लागली की ओटीचं सामान घेऊन पुढे यायचं. पुरुषांना या चाली नुसत्या कानावरून गेलेल्या. बायकांना पाठ. माझ्या नवऱ्याला कोणती चाल कधीची हे धड माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण सासऱ्यांसमोर सुनेने गाणं म्हणायचं नाही. म्हणून मी विहिरीवर पाणी वळवताना गुणगुणायची आणि तो मोटेच्या धावेवर बसून बाज्यावर शोधायचा. बैल उभे राहून मजेत चघळायचे. मेथीचे दोन वाफे सुकले त्या दिवसांत.

पहिल्या दिवशी त्याने हळदीची चाल बारीक तारेवर बरोबर काढली. एकही सूर चुकला नाही, आणि तरी ती चाल वाटेना. जत्रेत हरवलेलं पोरगं एकटं चालल्यासारखी वाटली. मी म्हणाले, "सनई हाय, पण मागं कोणी नाई."

चिंचेखालून आवाज आला, "सूर कुठं हाय बे? सूर धर!"

सनईच्या ताफ्यात एक जण नुसता एकच सूर धरून असतो. गाल फुगवून बसलेला, त्याच्याकडे कोणी बघत नाही. सनईवाल्याने तोंडाने तो सूर काढून दाखवला आणि नवऱ्याने एक जाड तार पिळून पिळून त्याला मिळवली. आता अंगठ्याने ती जाड तार आणि बोटांनी वरची चाल. बरं वाटलं, पण क्षणभरच. सनईचा सूर थांबत नाही, माणूस गालात वारा साठवतो. तार मात्र छेडली की मरायला लागते. चाल पुढे आणि सूर मागे मेलेला.

"परत मारा नं त्या तारेले," मी म्हणाले.

"परत मारली का मंदी ठोका पडते."

"पडू द्या."

त्याने मारली. परत मारली. सूर मरायच्या आत पुन्हा मारायचा, म्हणजे सारख्या अंतराने मारायचा. आणि मग आम्ही दोघंही थांबलो, कारण ते डफडं झालं होतं. सूर धरता धरता ठेका आपोआप आला. दोन माणसं एका अंगठ्यात. झांजेचं काम त्याने करंगळीच्या नखाने बाज्याच्या लाकडावर टिचकी मारून केलं. मला तेव्हा फार गंमत वाटली. माणसाला दोन हात असतात, एवढं मला माहीत होतं. त्यात चार माणसं बसतात हे माहीत नव्हतं.

पण सगळं बसत नव्हतं. सनईवाला एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधे दहा वळणं घेतो. ती सगळी घ्यायला गेलं की अंगठा अडखळायचा. काय ठेवायचं, काय टाकायचं? नवऱ्याला सगळं ठेवायचं होतं. मी विचारलं, "चुलीपाशी उभी राहून मी हे कायनं ओयखतो?" मग मीच शोधलं. चालीचं पहिलं वळण आणि शेवटचं उतरणं, एवढ्यावर मी ओळखत होते. मधलं काहीही असलं तरी हात आपोआप ताटाकडे जायचा. मी म्हटलं, मधलं टाका. नवरा कुरकुरला. चिंचेखालून सनईवालाही कुरकुरला, "मधलंच तर माहं हाय!" तरी ते टाकलं.

मग एका सकाळी मी मिरच्या खुरपत होते आणि माझे हात थांबले. मला माझ्या आईचं दार दिसलं. मी ओरडले, "पाठवणीची काहून लावली? आज हळदीची घोटा म्हटलं होतं."

"हळदीचीच वाजवून राह्यलो."

"खोटं नका बोलू."

मी खुरपं टाकून जवळ गेले आणि त्याच्या बोटांकडे बघितलं. डाव्या हाताची बोटं हळदीच्याच जागी. उजव्या हाताची बोटंही तीच. फरक फक्त अंगठ्यात होता. तो सुराच्या तारेवरून घसरून तिच्याहून जाड, साहेबाने लावलेल्या तारेवर पडत होता. तिचा सूर जरा खालचा. वरची चाल जशीच्या तशी, खाली फक्त सूर बदललेला, आणि हळद पाठवणी झाली होती.

"परत करा," मी म्हणाले. त्याने केलं. अंगठा वरच्या तारेवर: हळद, बायका, हसणं. अंगठा खालच्या तारेवर: आईचं दार. मधल्या तिसऱ्या तारेवर पडला तेव्हा मात्र कुत्र्याच्या शेपटीवर पाय दिल्यासारखं झालं, ते सोडून दिलं. आम्ही ते पुन्हा पुन्हा केलं. मी डोळे मिटून ऐकलं, उघडून ऐकलं. भाजीत मीठ बदललं तर भाजीची चव बदलते हे समजतं. पण इथे भाजी तीच, मीठ तेच, आणि ताट बदललं म्हणून चव बदलली, असं काहीतरी होतं. याचं कारण मला तेव्हा कळलं नाही, आताही नीट सांगता येत नाही.

सनईवाला बांधावर उठून उभा राहिला होता. "ते नको करू!" तो ओरडला. "सूर म्हंजे जमीन हाय. जमीन हालवत असते काय कोणी?" मग जरा हळू आवाजात म्हणाला, "अजून एक डाव कर बरं."

मी नवऱ्याला बजावलं, मळ्यात काय करायचं ते करा, मांडवात नाही. तो हो म्हणाला.

हळदीच्या दिवशी नवरदेवाची आत्या चार बायका घेऊन उष्टी हळद घेऊन आली. बाजा बघून तिने नाक मुरडलं. नवरा मांडवाच्या खांबाशी बसला. बाज्याचा आवाज मोकळ्यावर पोचत नव्हता, म्हणून त्याने बुड रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर टेकवलं होतं. डबा असा खणखणायचा की खरोखर सनईचा भास व्हावा. हळदीची चाल लागली. आम्ही ताटं घेऊन आलो. बायका गायला लागल्या, नणंदेला हळद लागली, सगळं छान चाललं होतं. आणि छान चाललं होतं म्हणूनच त्याला राहवलं नाही. त्याने अंगठा खाली नेला.

आधी एक म्हातारी गप्प झाली. मग दुसरी. मग नणंदेच्या मावशीने तिला मिठी मारून हंबरडा फोडला आणि बघता बघता सगळा मांडव रडायला लागला. हळदीच्या हातांनी बायका डोळे पुसत होत्या, तोंडं पिवळी झाली. नणंद भांबावून विचारत होती, "काय झालं वं? कोण गेलं?"

नवरदेवाची आत्या उठली. "लग्न लागाच्या आंधी पाठवणी वाजवली! पोरगी कुठं पाठवता, मसनात? असा अपशकुन मी जल्मात पाह्यला नाई. चला वं, उठा."

सासू पुढे धावली. "अवो बाई, पाठवणी नोती ते..."

"मले कान नाईत काय?"

तिच्या बायका ताटं आवरायला लागल्या. नणंद तशीच पाटावर, अंगाला हळद, मान खाली. ही सोयरीकही चालली, हे तिला कळलं होतं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो बाज्यामागे लपायला बघत होता. एवढ्याशा बाज्यामागे कोण लपतं?

तेव्हा मांडवाबाहेरून, रस्त्याच्या पलीकडून, सनईवाला ओरडला, "ते हळदीचंच हाय! मी आयकलं. मी या गावचा वाजंत्री हाय, पाठवणी मले शिकवू नका. त्यानं सूर हालवला, गाढवानं. चाल हालवली नाई."

आत्या तिथूनच म्हणाली, "सुतकातल्या माणसाचं आयकू काय मी?"

"माहं नका आयकू. त्याचं आयका. लाव रे, सूर जागेवर ठिवून लाव."

मी मधे पडले. सुनेने पडायचं नसतं, पण सासू त्या बायकांच्या हातातली ताटं ओढून ठेवत होती आणि मामंजी आधीच डोकं धरून खाटेवर बसले होते. मी आत्याला म्हणाले, "आत्याबाई, तुमी हळदीचं गाणं म्हणा. हे वाजवतीन. तुमचं गाणं जर पाठवणीचं निघालं, तर जा."

ती हळदीची गाणी म्हणण्यात तिकडे नावाजलेली होती. तिला ते आव्हान लागलं. नाक वर करून तिने गाणं उचललं आणि नवऱ्याने चाल लावली, सूर जागेवर. गाणं आणि चाल एकमेकांत चपखल बसली. बायका थांबून बघायला लागल्या.

"आता खाली न्या," मी म्हणाले.

सासू किंचाळली, "नको वं!" पण त्याने नेला.

आत्या तेच शब्द म्हणत होती, त्याच चालीत. दोन ओळी तिने रेटल्या. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला. ती थांबली, गळ्याला हात लावून उभी राहिली. "मी तर तेच म्हणून राह्यली," ती म्हणाली, "मंग मले रडू काहून येऊन राह्यलं?"

ती नवऱ्यासमोर जाऊन बसली, हळदीच्या हातांनीच. "वर ने." त्याने अंगठा वर नेला. ती दोन ओळी गायली. "खाली." गायली. "वर." तिने वाकून त्याचा अंगठा बघितला, तारा बघितल्या, डबाही उचलून आत बघितला, आत कोणी बसलंय की काय म्हणून. रागाने आलेली बाई बाजारात कापड पारखावं तशी पारखत बसली.

शेवटी ती उठली आणि सासूला म्हणाली, "हळदीचंच हाय. पण हा माणूस भरवशाचा नाई. उद्या मारुतीपाशी याचा अंगठा घसरला तं मी पोराले घेऊन माघारी जाईन. आयकलं?"

ती गेल्यावर सासूने बाजा मांडीवर घेतला, खालच्या सुराची जाड तार खुंटीवरून सोडवली आणि तिची गुंडाळी करून लुगड्याच्या केळात खोचली. नवरा म्हणाला, "माय, असं काय करते?"

"तुहा अंगठा कापत नाई, उपकार मान."

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड मारुतीपाशी येऊन बसलं. आमची बैलांची दमणी गेली, तिच्यात नवरा, बाजा आणि रॉकेलचा डबा. नवरदेवाकडचा एक म्हातारा दमणीत डोकावून म्हणाला, "वाजंत्री कुठं हायेत?"

मामंजी म्हणाले, "चौघंही डब्यात भरून आणले."

हसू पिकलं. आत्या हसली नाही. कान देऊन उभी राहिली, अंगठ्यावर डोळा ठेवून. नवऱ्याने मिरवणुकीची चाल लावली. सूर जागचा हलला नाही, हलवायला तारच नव्हती. आत्याने नवरदेवाच्या पाठीवर थाप मारली, "चाल रे." वऱ्हाड गावात आलं, लग्न लागलं.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी नवरा खांबाशी बसला आणि त्याने खरी पाठवणीची चाल लावली. ती घोटायला आम्हाला वेळच मिळाला नव्हता. बोटं अडखळत होती. पहिलं वळणच धड नाही, मग ओळखायचं काय? बायका ओटीचं सामान घेऊन घुटमळत होत्या. नणंद उंबऱ्यात उभी होती, कोरड्या डोळ्यांनी इकडेतिकडे बघत. रस्त्यापलीकडे सनईवाला कपाळाला हात लावून बसला होता.

सासू मांडवातून सरळ नवऱ्याकडे गेली. केळातून तारेची गुंडाळी काढली आणि त्याच्या मांडीवर टाकली.

"घे," ती म्हणाली. "हळदीचंच वाजव. आता हालव काय हालवायचं ते."